साखळी पैज: सहापैकी पाच बरोबर आले, तरी हातात काहीच का नाही?

वहीतला_हिशेब (धागाकर्ता)

आमच्या धाकट्याने परवा रात्री फोन माझ्यापुढे धरला. फुटबॉलचे सहा सामने, सहा ओळी. पाच हिरव्या, शेवटची लाल. "दादा, एका गोलाने हुकलं रे. आलंच होतं हातात." हे "आलंच होतं" गेल्या दोन हंगामांत त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की या वेळी त्याला झोपू दिलं नाही. वही काढली, त्याचीच पावती पुढ्यात ठेवली आणि दोघं गुणाकार करत बसलो. जे कागदावर उतरलं ते इथे मांडतोय. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा, कारण मला ते त्याला पुन्हा एकदा नीट सांगायचं आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकाच पावतीवर अनेक सामन्यांचे अंदाज बांधायचे. सगळे बरोबर आले तरच पैसे, एक जरी चुकला तरी सगळी पावती गेली. ब्रिटनमध्ये याला ॲक्युम्युलेटर म्हणतात, अमेरिकेत पार्ले, ऑस्ट्रेलियात मल्टी. दोन अंदाज असतील तर डबल, तीन असतील तर ट्रेबल. मी सोयीसाठी साखळी म्हणतो आणि तिच्यातल्या एकेका अंदाजाला कडी. भाव दशांशात धरलेत. २.०० भाव म्हणजे १०० लावून जिंकलात तर २०० परत, आपले स्वतःचे १०० त्यातच आले.

धाकट्याने सहाही ठिकाणी तगडे संघ निवडले होते. भाव प्रत्येकी १.३६ च्या आसपास. गणित सोपं जावं म्हणून सगळीकडे १.३६ धरू, आणि असा संघ खरोखर १० पैकी ७ वेळा जिंकतो असंही धरू. ७० टक्के शक्यतेचा रास्त भाव म्हणजे १ भागिले ०.७, साधारण १.४३. बुकी देतो १.३६. मधली फट ही त्याची कमाई. एकेका सामन्यावर वेगळे १०० लावत गेलात तर सरासरीने ९५.२० परत येतात आणि ४.८० त्याच्याकडे राहतात.

आता साखळी. १.३६ सहा वेळा गुणला की ६.३३ होतात, म्हणजे १०० चे ६३३. आकडा बघूनच माणूस हरखतो. पण रास्त भाव ८.५० असायला हवा होता. सहाही संघ जिंकण्याची शक्यता म्हणजे ०.७ चा सहावा घात, जेमतेम ११.८ टक्के. सरासरीने १०० तले ७४.४० परत येतात. एकेकट्या पैजेत पाचाच्या आत असलेली तूट साखळीत साडेपंचवीसवर गेली. भाव गुणले गेले तशी प्रत्येक भावातली तूटही गुणली गेली. पावतीवर पहिला गुणाकार ठळक छापलेला असतो, दुसरा कुठेच दिसत नाही.

आणि आता ते "आलंच होतं". सहापैकी नेमके पाच बरोबर येण्याची शक्यता किती, हे धाकट्यालाच काढायला लावलं. चुकणारी कडी सहांपैकी कुठलीही असू शकते, म्हणून ६ गुणिले ०.७ चा पाचवा घात गुणिले ०.३. उत्तर आलं ३०.३ टक्के. सगळे सहा बरोबर येण्याच्या अडीच पटींहून जास्त! त्याने दोनदा ताडून पाहिलं. एकाने हुकणं हे या पावतीचं दुर्दैव नव्हेच, तिचं नेहमीचं वागणं आहे. दहा पावत्या फाडल्या तर तीन अशाच जाणार, आणि त्या तिन्ही वेळा माणसाला वाटणार की आपला अंदाज पक्का होता, फक्त नशीब आडवं आलं.

---

रानवारा

त्या ३० टक्क्यांनी हललो. माझ्या फोनात अशा "फक्त एक चुकलं" पावत्यांचे स्क्रीनशॉट आहेत. जपून ठेवलेत, जणू बक्षिसंच.

एक कळलं नाही. बुकीने प्रत्येक कडीचा भाव तोच ठेवलाय, एकट्या पैजेचा होता तोच. वेगळं काही कापलं नाही. मग ४.८ चे २५.६ झाले कुठून? पैसे तर मी एकदाच लावले ना?

---

संभाव्य

रानवारा, तिथेच सगळी मेख आहे. पैसे तुम्ही एकदा लावत नाही, सहा वेळा लावता. खिशातून एकदाच जातात म्हणून तसं जाणवत नाही.

साखळी उलगडून बघा. पहिल्या सामन्यावर १०० लावले. जिंकलात, १३६ झाले. ते १३६ जसेच्या तसे दुसऱ्या सामन्यावर. जिंकलात, १८५. ते सगळे तिसऱ्यावर. मध्ये एक पैसा बाजूला काढायची मुभा नाही. एवढाच साखळीचा अर्थ. तुम्ही स्वतः बसून प्रत्येक सामन्यानंतर आलेली सगळी रक्कम पुढच्यावर लावलीत तरी हेच होईल.

आता सरासरीने प्रत्येक कडीवर किती रक्कम लागते ते मांडू. पहिल्यावर १००. दुसऱ्यावर सरासरी ९५.२०, कारण कधी १३६ असतात आणि कधी शून्य. मग ९०.६३, ८६.२८, ८२.१४, ७८.२०. बेरीज ५३२.४५. तिचे ४.८ टक्के काढा: २५.५६. धागाकर्त्याचा आकडा तंतोतंत जुळला.

म्हणजे बुकीने दर वाढवलेलाच नाही. उलाढाल वाढली. १०० खिशातून काढून तुम्ही ५३२ ची उलाढाल केलीत आणि त्या सगळ्यावर त्याने आपला वाटा घेतला. म्हणूनच जाहिरातीत साखळ्या पुढे असतात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात पार्ले कार्डांची (साखळीचे अंदाज ज्यावर खुणा करून देतात ती छापील कार्डं) अधिकृत आकडेवारी अनेक दशकांपासून जमा होते आहे. तिथे पार्लेवर लागलेल्या रकमेतला साधारण ३० टक्के हिस्सा धंद्याकडे राहत आलाय, तर सगळ्या क्रीडा पैजा मिळून तो ५ टक्क्यांच्या आसपास.

जुन्या पार्ले कार्डांत तर भाव गुणूनही देत नसत, ठरीव दर असे. नाणेफेकीसारख्या तीन बरोबरीच्या कड्यांचा रास्त दर ७ ला १ (म्हणजे १ लावून ७ नफा, आपला १ वेगळा परत), कार्डावर ६ ला १.

---

अश्वमेध

घोड्यांच्या शर्यतीतलं एक उदाहरण आठवलं, साखळीची ताकद आणि तिची अट दोन्ही दाखवणारं.

२८ सप्टेंबर १९९६, इंग्लंडमधलं ॲस्कटचं मैदान. जॉकी फ्रँकी डेटोरीने त्या दिवशीच्या सातही शर्यती जिंकल्या. सातही विजयांची साखळी २५,०५१ ला १ भावाची झाली. ज्यांनी केवळ डेटोरीवरच्या प्रेमापोटी किरकोळ रकमांच्या साखळ्या लावल्या होत्या त्यांना डोंगराएवढे पैसे मिळाले आणि बुकींचं प्रचंड नुकसान झालं.

मला सांगायचंय ते सातव्या शर्यतीचं. घोडा होता फुजियामा क्रेस्ट. सकाळी त्याचा भाव १२ ला १ च्या घरात होता. सहा शर्यती डेटोरीच्या खिशात गेल्यावर बुकींच्या लक्षात आलं की हजारो साखळ्यांची शेवटची कडी या एकाच घोड्यात अडकली आहे. त्यांनी भाव पाडत नेला. शर्यत सुटताना तो २ ला १ उरला होता. आपली रक्कम धरून १२ ला १ म्हणजे १३ पट आणि २ ला १ म्हणजे ३ पट. ज्याच्या पावतीवर "सुटतानाचा भाव" लागू होता त्याच्या शेवटच्या कडीचा गुणक असा १३ वरून ३ वर आला, आणि तोही त्याच्यासारख्याच इतरांच्या पैशांमुळे. भाव पैज लावतानाच बांधून मिळालाय की सुटतानाचा धरणार, हे पावती घेण्याआधी वाचायचं असतं. साखळीत तर शेवटच्या कडीपर्यंत खूप काही घडू शकतं.

---

पारिजात_७

सगळं वाचलं. गणित मान्य. तरी थोडं वेगळं मत नोंदवते.

मी महिन्यातून एखाद-दुसरी साखळी लावते, अगदी छोट्या रकमेची. ते पैसे गेलेच असं धरून. सहा सामने बघताना एक धागा मिळतो, रविवार रंगतो. ७४ परत येतात की ९५, यापेक्षा माझ्यासाठी मोठा प्रश्न हा की मला थोड्या पैशांत मोठा आकडा हवाय. १.३६ च्या एकट्या पैजेतून तो मिळत नाही. मग साखळी नको तर काय?

---

संभाव्य

पारिजात, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका बाजूचं नाही. मोठा आकडा एकट्या पैजेतूनही मिळतो: ज्याची कुणाला आशा नाही अशा संघावर किंवा घोड्यावर लावून. पण तिथेही बुकीची फट रुंद असते. कमी शक्यतेच्या घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि त्यांचे भाव रास्त भावापेक्षा बरेच खाली असतात, हे ग्रिफिथ या संशोधकाने १९४९ मध्ये अमेरिकन शर्यतींच्या भावांवरून दाखवलं होतं. पुढे ते अनेक ठिकाणी ताडून पाहिलं गेलं. तेव्हा मोठ्या आकड्यासाठी दोन्ही वाटांवर किंमत मोजावी लागते. दोन-तीन कड्यांची साखळी अशा आशा नसलेल्या एकट्या घोड्यापेक्षा महागच पडेल असं नाही. आठ-दहा कड्यांची मात्र पडते. दोन्ही बाजूंची शक्यता निम्मी-निम्मी असलेल्या सामन्यांवर दोन्हीकडे १.९१ भाव मिळतो असं धरा. दहा कड्यांचे ६४६ पट मिळतात, रास्त आकडा १०२४. १०० तले ६३ परत.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर अर्धवट राहील. एखाद्याला खरोखरच रास्तपेक्षा चांगला भाव मिळत असेल, समजा प्रत्येक कडीवर ३ टक्के त्याच्या बाजूने, तर चार कड्यांत त्याचाही फायदा गुणला जाऊन साडेबारा टक्के होतो. गुणाकार कुणाची बाजू घेत नाही. पण आपल्याला सहा वेगवेगळ्या सामन्यांत एकाच आठवड्यात बुकीपेक्षा जास्त कळतं, असं मानायला फार मोठा पुरावा लागेल.

---

नवखी

कृपया मला यांकी समजावून सांगा. मी चार संघ निवडले, रकमेच्या चौकटीत १० लिहिले आणि खात्यातून ११० गेले. मला वाटलं काहीतरी बिघाड आहे. तिथे विचारलं तर "नियमात लिहिलंय" एवढंच उत्तर आलं. त्यातून दोन संघ जिंकले, हिरवी पट्टी आली, "अभिनंदन, तुम्ही जिंकलात", आणि शिल्लक बघते तर आधीपेक्षा कमी! दोन दिवस मला हेच कळत नव्हतं की मी जिंकले की हरले.

---

वहीतला_हिशेब

नवखी, तुम्ही हरलात आणि तुम्हाला "जिंकलात" असं सांगितलं गेलं. बिघाड नव्हता, पण जे झालं ते तुम्हाला आधी स्पष्ट दिसायला हवं होतं.

यांकी म्हणजे चार निवडींमधून बनणाऱ्या सगळ्या साखळ्या एकदम लावणं. चारांतून दोन-दोनच्या जोड्या ६, तीन-तीनचे गट ४ आणि चारांची एक साखळी, एकूण ११ पैजा. तुम्ही लिहिलेले १० हे प्रत्येक पैजेचे, म्हणून ११०. आता तुमच्या चारही संघांचे भाव २.०० होते असं धरू. दोन जिंकले, तर अकरांपैकी फक्त एक जोडी फळाला आली: १० चे ४०. लावले ११०, परत ४०. हीच ती हिरवी पट्टी. तीन जिंकले असते तर तीन जोड्या आणि एक तिकडी, म्हणजे १२० अधिक ८०, २००. चारही आले तर ७२०.

बाकीची नावं ऐकायला भारदस्त आहेत, आत हाच प्रकार. तीन निवडींच्या ४ पैजा म्हणजे ट्रिक्सी, एकेकट्या धरून ७ झाल्या की पेटंट. चार निवडींत एकेकट्याही धरल्या की लकी १५. पाच निवडींची कॅनेडियन २६ पैजांची. सहा निवडींच्या ५७, आणि ५७ प्रकारांची जाहिरात करणाऱ्या हाइन्झ या खाद्यपदार्थ कंपनीवरून तिचं नाव हाइन्झ पडलं. आठ निवडींच्या २४७, ती गोलायथ. सूत्र लक्षात ठेवा: निवडींइतक्या वेळा २ गुणायचे, त्यातून निवडींची संख्या आणि आणखी १ वजा. एकेकट्या धरलेल्या असतील तर फक्त १ वजा.

यात एक कडी तुटली तरी सगळं जात नाही, हे खरं. म्हणून लोकांना ही सुरक्षित वाटते. १.९१ भावाने यांकी मांडून पाहिली तर सरासरीने १०० तले ८९ परत येतात. चार कड्यांच्या सरळ साखळीत ८३. म्हणजे थोडी सौम्य, पण रक्कम अकरापट लागते हे विसरून चालत नाही.

---

आकडेमोड

एका गोष्टीचा उल्लेख राहिलाय आणि आजकाल तीच सगळ्यात जास्त खपते: एकाच सामन्यातल्या गोष्टींची साखळी. हा संघ जिंकेल, त्याचा अमुक खेळाडू गोल करेल, इतके कॉर्नर होतील, सगळं एका पावतीवर.

वरचा सगळा गुणाकार तेव्हाच लागू होतो जेव्हा कड्या एकमेकींपासून स्वतंत्र असतात. एका सामन्यात त्या नसतात. समजा संघ जिंकण्याची शक्यता ५० टक्के आणि त्याच्या आघाडीच्या खेळाडूने गोल करण्याची ४०. सरळ गुणले तर २० टक्के, रास्त भाव ५.००. पण संघ जिंकतो त्या दिवशी बहुधा त्यानेच गोल केलेला असतो. जिंकलेल्या सामन्यांत त्याच्या गोलाची शक्यता ६० टक्के असेल, तर दोन्ही एकदम घडण्याची शक्यता ३० टक्के होते आणि रास्त भाव ३.३३. जुन्या काळी बुकी अशा गुंतलेल्या गोष्टींची डबल घेतच नसत, कारण साधा गुणाकार केला तर ते बुडाले असते. आता ते हा गुंता स्वतः मोजतात आणि तयार भाव देतात.

अडचण अशी की तो भाव रास्त आहे का, हे तुम्हाला तपासताच येत नाही. साध्या सामन्यात दोन्ही बाजूंचे भाव समोर असतात. १ भागिले भाव असं दोन्हीकडे करून बेरीज घ्या: १.९१ आणि १.९१ असतील तर १.०४७ येते, वरचे ४.७ टक्के बुकीचे. तीन-चार गोष्टींच्या जुळणीला मात्र समोरची बाजूच नसते. "हे सगळं एकदम घडणार नाही" याचा भाव कुणी देत नाही. एकच आकडा, तोही त्यांनीच काढलेला. मी तिथून पूर्ण बाहेर पडलो ते याच कारणाने. तोटा किती, हे निदान मोजता तरी यायला हवं.

---

रानवारा

आकडेमोड, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी तर उलट समजत होतो की एकाच सामन्याचा अभ्यास केला की काम सोपं होतं.

अजून एक. सामना पावसाने रद्द झाला तर साखळी जाते का?

---

आकडेमोड

सहसा नाही. बहुतेक ठिकाणी ती कडी १.०० धरतात, म्हणजे सहाची साखळी पाचाची होते. सामना किती वेळ खेळला गेला तर वैध, हे मात्र ज्याचे त्याचे नियम.

---

सांजसावली

मानसशास्त्र शिकवते म्हणून थोडं लिहिते. माया बार-हिलेल यांचा १९७३ मधला एक प्रयोग इथे चपखल बसतो. लोकांपुढे दोन पैजा ठेवल्या. पहिली: अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या गोट्यांच्या पिशवीतून एक लाल गोटी काढायची. दुसरी: ९० टक्के लाल गोट्या असलेल्या पिशवीतून सलग सात वेळा लाल गोटी काढायची, दर वेळी गोटी परत टाकून. बहुतेकांनी दुसरी निवडली. पहिलीची शक्यता ५० टक्के, दुसरीची ४८.

मन "९० टक्के" हा आकडा धरून बसतं आणि सात वेळा घडायचंय, हे पुरेसं खाली ओढत नाही. तगड्या संघांची साखळी म्हणजे हीच दुसरी पिशवी. एकेका ओळीकडे बघितलं की "हे तर होणारच" वाटतं, आणि तशा सहा "होणारच"ची बेरीज मनात "होणारच" अशीच राहते.

वहीतला_हिशेब, धाकट्याची थोडी काळजी वाटली. रक्कम वाढत चालली आहे का, मागचं भरून काढायला पुढची पावती फाडतोय का, हे शांतपणे विचाराल का? तसं असेल तर गणित पुरेसं पडत नाही. मग त्याच्यासोबत बसणारं कुणी लागतं, आणि जुगाराच्या सवयीवर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे नेण्यात काही कमीपणा नाही.

---

वहीतला_हिशेब

सांजसावली, मनापासून आभार. विचारलं. रक्कम वाढलेली नाही, पण पावत्या आठवड्याला एकाच्या तीन झाल्यात, हे त्याने आपणहून सांगितलं. इतिहास उघडून दोघांनी सगळ्या मोजल्या. यापुढे प्रत्येक पावती आधी वहीत लिहायची, रक्कम आणि शक्यता दोन्ही, एवढं ठरलंय. मी रोज विचारणार आहे.

हा धागा त्याने वाचला आणि त्याचा प्रश्न आहे कॅश आऊटबद्दल. पाच कड्या हिरव्या झाल्या होत्या तेव्हा त्याला पावती विकून टाकायची संधी दिसत होती. "घेतलं असतं तर बरं झालं असतं ना?" आकडे त्याच्या पावतीच्या धर्तीवर मांडतो, समजा देऊ केलेली रक्कम ४१० होती.

पूर्ण साखळी ६३३ देणार, शेवटच्या संघाची शक्यता ७० टक्के. पावतीची त्या क्षणाची रास्त किंमत ४४३. तिचे ४१० मिळत होते. म्हणजे पाच कड्यांवर वाटा देऊन झाल्यावर बाहेर पडताना आणखी ३३. स्वतःच दुसऱ्या बाजूला लावलं असतं तर? तो संघ न जिंकण्याचा भाव ३.१७ धरू. त्यावर २०० लावले, तर संघ जिंकला की ६३३ वजा २००, ४३३. नाही जिंकला तर २०० चे ६३४, त्यातून आपले २०० वजा, ४३४. दोन्हीकडे ४३३ च्या आसपास, कॅश आऊटपेक्षा २३ जास्त. फक्त ते २०० त्या वेळी हाताशी लागतात.

धाकट्याने हे बघून विचारलं, "मग पहिल्या पाच कड्यांनंतर जर थांबायचंच होतं, तर मी पाचाचीच साखळी का नाही लावली?" पाचाची लावली असती तर ४६५ मिळाले असते. ते त्याने स्वतः वहीत लिहिलं, आणि खाली पाचांपैकी नेमके चार बरोबर येण्याची शक्यताही काढली: ३६ टक्के. पाचही येण्याची १६.८.